पेटीत काय होतं?

आमचे अब्बा दम्मामला होते. गावातल्या निम्म्या पोरांचे अब्बा तिकडेच कुठे ना कुठे होते, त्यामुळे त्यात विशेष असं काही नव्हतं. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा. सुट्टीवर कुणी गावी यायला निघालं की त्याच्या हाती ते कॅसेट पाठवायचे. एका बाजूला दादीसाठी बोललेलं, दुसऱ्या बाजूला अम्मीसाठी आणि आमच्यासाठी. पाढे झाले का, दादीच्या पायाचं कसं आहे, विहिरीचं पाणी कुठवर गेलं. बोलण्यामागे सतत एसीची घरघर असायची. नववीत असताना त्यातल्या शेवटच्या कॅसेटवर आम्ही रेडिओवरच्या गझला भरल्या. कोरी कॅसेट घरात नव्हती आणि अब्बांचं तेच तेच बोलणं आम्हाला पाठ झालं होतं. अब्बा २००६ साली गेले. त्यानंतर ती कॅसेट आम्ही दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकली. दोन गझलांच्या मधल्या फटीत एका जागी एवढंच उरलं आहे : "...सगळ्यांना सलाम सांगा."

(आम्ही म्हणजे आम्ही एकट्याच. घरात आणि शाळेत 'हम' म्हणायची सवय; मराठीत 'मी' लिहिताना हात अडतो.)

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं ज्या परक्या बाईविषयी आहे, तिचं बोलणं जपून ठेवायची घाई आम्हाला का झाली, ते त्याशिवाय कळणार नाही.

२०१९ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही बर्मिंगहॅमला फूफीकडे गेलो. रमजान मे महिन्यात आला होता. तिकडे त्या दिवसांत सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो. दुपार संपता संपत नाही. फूफीच्या शेजारी एक जमैकन बाई राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, चर्चला नेमाने जाणाऱ्या. फूफीची नातवंडं त्यांना आंटी म्हणत, म्हणून आम्हीही आंटी म्हणू लागलो. इफ्तारच्या आधी भिंतीवरून एक थाळी यायची. पहिल्या दिवशी त्यात केळीच्या पानात दोऱ्यानं बांधलेल्या पुरचुंड्या होत्या. आत मक्याचं पीठ, नारळ आणि गूळसर साखर, उकडून घट्ट झालेलं. आम्ही फूफीला म्हटलं, या तर आपल्या पानग्यांच्या बहिणी. फूफी म्हणाली, तिला सांग, खूश होईल.

तिकडे २२ जून हा 'विंडरश दिवस' म्हणून पाळतात. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' नावाच्या बोटीतून आलेले कॅरिबियन बेटांवरचे लोक त्या दिवशी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. त्याआधी १९४७ मध्ये 'ऑर्मोंड' आणि 'अल्मान्झोरा' या बोटीही माणसं घेऊन आल्या होत्या; पण नाव झालं ते विंडरशचं. पुढे दोन दशकं जे कुणी त्या बेटांवरून आले, त्या सगळ्यांना आज 'विंडरश पिढी' म्हणतात. फूफीच्या नातवाला शाळेतून प्रकल्प मिळाला होता : तुमच्या ओळखीच्या अशा एका व्यक्तीची मुलाखत घ्या. त्यानं आंटींना विचारलं, तुम्ही ब्रिटनला का आलात? आंटी म्हणाल्या, मायभूमीनं बोलावलं, आम्ही आलो. तुम्हाला काय अडचणी आल्या? थंडी होती, काही लोक वाईट होते, पुष्कळ चांगलेही होते. पाच मिनिटांत मुलाखत आटोपली. नातू मोबाइल खिशात घालून खेळायला गेला.

आमच्यातली मास्तरीण अस्वस्थ झाली. बी.एड.च्या पाठटाचणात आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती, की प्रश्न मोठा असला की मूल पाठ केलेलं उत्तर देतं. आंटींनी ते उत्तर याआधी चर्चमध्ये, शाळांमध्ये, कुठं कुठं दिलं असणार. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, आंटी, येताना तुमच्या पेटीत काय काय होतं?

त्या हसल्या. मग तीन दुपारी बोलत राहिल्या.

पेटीला त्या 'ग्रिप' म्हणायच्या. दाबलेल्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना पत्रा. आत बायबल. चर्चचा पांढरा झगा. आईनं दिलेली बे रमची बाटली, ती डोकं दुखलं की कपाळाला लावायची. वाळवलेली पिमेंटोची बोरं, म्हणजे आपण बाजारात ऑलस्पाइस म्हणून घेतो ती. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला, विस्तवावर भाजलेला एक अख्खा नीरफणस. तो प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरून त्यांच्या बेटांवर १७९३ साली इंग्रजांनी आणला, गुलामांना स्वस्तात पोसायला. गुलामी गेली, नीरफणस राहिला. कोकणात तो आपल्या परसात उभा असतो, काप करून तव्यावर परततो आपण. आंटींच्या तोंडून त्याचा भाजल्याचा वास ऐकताना आमच्या रोजाची कसोटी लागली. त्या आंब्यांबद्दलही बोलल्या. त्यांच्याकडे एका जातीचं नाव 'नंबर अकरा', आणि जी सगळ्यात गोड तिचं नाव 'बॉम्बे'. आम्ही कुठून आलो हे कळल्यावर त्यांना वाटलं, हा आंबा आम्हीच पाठवला.

गाव त्यांचं वेस्टमोरलंड भागातलं, उसाच्या मळ्यांचं. वडील फ्रोमच्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडत. १९३८ साली तिथं मजुरीवरून मजूर उठले तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. आंटी त्यानंतर तीन वर्षांनी जन्मल्या, पण ती गोष्ट घरात रोजच्या मिठासारखी होती. शाळेत मात्र यातलं काही नव्हतं. शाळेत इंग्लंडचे राजे, इंग्लंडच्या नद्या, कधी न पाहिलेल्या डॅफोडिल फुलांवरची कविता. रात्री आजी अनान्सी कोळ्याच्या गोष्टी सांगायची, तो लबाड कोळी आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेला. शाळेत त्या गोष्टींचं नाव काढलं तर छडी बसायची.

आणि मग त्यांनी एकदम विचारलं, तुम्ही लोक होसे काढत नाही का? आम्हाला काही समजेना. त्या सांगू लागल्या : मळ्यातले कुली म्हटले जाणारे हिंदुस्थानी लोक वर्षातून एकदा कागद-बांबूचा रंगीत महाल करायचे, ढोल वाजवायचे, मिरवत नेऊन तो पाण्यात सोडायचे. लहानपणी त्या सगळ्या पोरी मागे मागे जायच्या. होसे! या हुसैन! आम्ही आणि फूफी एकमेकींकडे बघतच राहिलो. १८४५ पासून करारावरचे हिंदी मजूर जमैकाला आणि त्रिनिदादला नेले जात होते, त्यांत मुसलमानही होते, हे वाचून माहीत होतं. १८८४ साली त्रिनिदादमध्ये बंदी मोडून निघालेल्या मोहरमच्या मिरवणुकीवर इंग्रज पोलिसांनी गोळीबार केला, हेही माहीत होतं. पण ताजियाच्या मागे धावलेली ख्रिस्ती जमैकन मुलगी आमच्यासमोर चहा पीत बसली आहे, ही गोष्ट वेगळी. त्या मिरवणुकीत मुसलमान किती, हिंदू किती आणि आंटींसारख्या आफ्रिकी वंशाच्या किती, याचा हिशेब तिथं कुणी ठेवत नव्हतं म्हणे.

त्या १९६० च्या मार्चमध्ये आल्या. वय एकोणीस. त्या वेळी बेटांवरच्या लोकांना ब्रिटनमध्ये यायला व्हिसा लागत नव्हता. १९४८ च्या कायद्यानं ते साम्राज्याचे नागरिकच होते. लंडनच्या बस खात्यानं तर १९५६ पासून बार्बाडोसमध्ये माणूस बसवून भरती चालवली होती, भाडं उसनं द्यायचं आणि मग पगारातून कापायचं. हे दार १९६२ च्या कायद्यानं अर्धं लोटलं आणि १९७१ च्या कायद्यानं जवळजवळ लावलं. आंटी साउदॅम्प्टनला उतरल्या, तिथून रेल्वेनं लंडनचं वॉटर्लू. गाडीतून त्यांनी पाहिलं, प्रत्येक घरावर धुराडं. त्यांना वाटलं, एवढे कारखाने आहेत तर काम मिळेलच. ती घरं आहेत, हे त्यांना दोन दिवसांनी कळलं. धुराड्यांची ही आठवण त्या पिढीतल्या पुष्कळांनी सांगितली आहे, हे आम्ही नंतर वाचलं. म्हणून ती खोटी ठरत नाही. सगळे त्याच खिडकीतून बघत होते.

खोली मिळेना. काचेवर पाट्या असत, काळ्यांना जागा नाही. तशी पाटी लावणं १९६८ पर्यंत कायद्यानं गुन्हा नव्हता. शेवटी तिघींनी एक खोली घेतली. रॉकेलचा हीटर, आणि गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकलं तरच शेगडी पेटायची. नर्सिंगला गेल्या तर त्यांना न विचारता दोन वर्षांच्या खालच्या परीक्षेला बसवलं. तीन वर्षांची वरची परीक्षा वेगळी असते आणि खालचीला जमैकात कुणी विचारत नाही, हे कळेपर्यंत दोन वर्षं निघून गेली होती. घर घ्यायला बँक कर्ज देत नव्हती, तेव्हा त्यांनी 'पार्डनर' घातली. दहा-वीस जणांनी दर आठवड्याला ठरलेली रक्कम एकीकडे द्यायची आणि पाळीपाळीनं एकेकानं सगळी उचलायची. आम्ही म्हटलं, ही तर भिशी! फूफी शांतपणे म्हणाली, मग काय, गेली बावीस वर्षं आमच्या भिशीत आंटी आहेत.

त्यांचा पुढचा दिवाणखाना पाहण्यासारखा होता. सोफ्यावर प्लास्टिक, साखरेच्या पाकात ताठ केलेली क्रोशाची जाळी, काचेचे मासे, न वाजणारा रेडिओग्राम. आम्हाला मनातून जरा हसू आलं होतं. नंतर कळलं की मायकेल मॅकमिलन या लेखकानं २००५ साली लंडनच्या एका वस्तुसंग्रहालयात अशीच खोली जशीच्या तशी मांडली होती, आणि आज ती तिथं कायमची आहे. आपल्याकडे आखाती पैशातून सजलेल्या दिवाणखान्यांची, त्या काचेच्या कपाटातल्या न वापरलेल्या डिनर सेटची अशी कदर कोण करणार?

बोलणं आम्ही मोबाइलवर भरून घेत होतो. तिसऱ्या दुपारी आंटी म्हणाल्या, पेटीत एक गोष्ट नव्हती. मग त्यांनी फोनकडे बोट केलं. फूफी म्हणाली, "ती म्हणते, हे नको भरूस." आम्ही फोन बंद केला.

ते नंतर सांगतो.

नातवाचा प्रकल्प आम्ही पाहिला. त्यानं आमच्या रेकॉर्डिंगमधली चार वाक्यं घेतली होती, पण आंटींची बोली पुसून शुद्ध इंग्रजी करून. आम्ही त्याला रागावलो. बोलता बोलता आमचीच जीभ चावली. आमच्या वर्गातली मुलं घरून कोकणी बोलत येतात आणि आम्ही ती झाडूनपुसून शुद्ध उर्दू करतो, तेच तर आमचं काम. निबंधात कुणी 'आवशी'ला 'आवस' लिहिलं की लाल रेघ. जमैकाच्या लुईस बेनेट यांनी जन्मभर त्याच बोलीत कविता लिहिल्या, तेव्हा शिकलेले लोक नाकं मुरडत होते. त्यांना आता तिकडे डोक्यावर घेतात. आंटी नीरफणसाबद्दल शुद्ध इंग्रजीत बोलल्या असत्या तर आम्हाला वास आला नसता.

परत आल्यावर आम्ही जमेल तसं वाचत गेलो. या आठवणी गोळा करायची सुरुवात प्राध्यापकांनी केली असेल अशी आमची समजूत होती. डोनाल्ड हाइंड्स हा जमैकन माणूस लंडनच्या बसवर कंडक्टर होता. आपल्यासारख्या स्थलांतरितांची बोलणी टिपून त्यानं १९६६ साली पुस्तक केलं. लेन गॅरिसन शिक्षणाच्या क्षेत्रातले. त्यांनी १९८१ साली काहीजणांना घेऊन 'ब्लॅक कल्चरल अर्काइव्हज' उभी केली. ज्या मुलांना स्वतःचा इतिहास शाळेत कुठेच दिसत नाही ती बिथरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये त्या संग्रहाला स्वतःची इमारत मिळाली २०१४ साली. गॅरिसन २००३ मध्येच गेले होते. गयानाहून आलेल्या बेरिल गिलरॉय यांचंही वाचलं. शिकलेली, अनुभवी शिक्षिका. पण तिथं वर्ग मिळेपर्यंत पडेल ती कामं करावी लागली, पुढे मुख्याध्यापिका झाल्या आणि १९७६ साली त्यांनी आपल्या मास्तरकीची आत्मकथा छापली. आम्हाला दर सहा महिन्यांनी 'सोडून द्यावी नोकरी' असं वाटतं. ते पुस्तक वाचल्यापासून वर्षातून एकदाच वाटतं.

आता कागदांचं सांगायला हवं.

आंटींची मुलगी १९६९ साली, बारा वर्षांची असताना जमैकाहून आली. शाळेनं तिची बोली ऐकून तिला मंदबुद्धीच्या शाळेत घालायचं ठरवलं. कॅरिबियन मुलांच्या बाबतीत हे इतकं सर्रास चाललं होतं की बर्नार्ड कोर्ड या शिक्षकानं १९७१ मध्ये त्यावर पुस्तिकाच काढली. आंटी भांडल्या. भांडायला पुरावा लागतो, म्हणून मुलीचं प्रत्येक प्रगतिपुस्तक, शाळेचं प्रत्येक पत्र त्यांनी त्या पुठ्ठ्याच्या ग्रिपमध्ये ठेवलं. मुलगी साध्याच शाळेत शिकली. ग्रिप पलंगाखाली गेली.

२०१६ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्या मुलीला कामाच्या ठिकाणी विचारलं गेलं की या देशात राहायचा तुमचा हक्क दाखवा. पासपोर्ट तिनं कधी काढला नव्हता, काढायची वेळच आली नव्हती. बेकायदा राहणाऱ्यांना हुसकण्यासाठी सरकारनं २०१२ पासून असा फास आवळला होता की नोकरी देणारा, घर देणारा, दवाखाना, सगळेच पोलिस झाले होते. दर वर्षाचा वेगळा पुरावा मागत. पॉलेट विल्सन यांचं प्रकरण पुढे वर्तमानपत्रांतून गाजलं : १९६८ साली दहा वर्षांच्या असताना आल्या, पार्लमेंटच्या उपाहारगृहात स्वयंपाक केला, आणि २०१७ मध्ये त्यांना जमैकाला पाठवण्यासाठी कोठडीत नेलं. जिथं पन्नास वर्षांत त्या गेल्या नव्हत्या तिथं. त्या थोडक्यात वाचल्या आणि २०२० मध्ये वारल्या. किमान ८३ जणांना खरोखरच चुकीनं बाहेर काढलं गेलं, असं सरकारनंच कबूल केलं. आणि २०१८ मध्ये बाहेर आलं की ही माणसं कधी आली हे ज्यावरून कळलं असतं, ती पन्नास-साठच्या दशकांतली उतरल्याची कार्डं गृहखात्यानं २०१० सालीच नष्ट केली होती. जागा मोकळी करायची होती.

आंटींच्या मुलीला पलंगाखालच्या ग्रिपनं वाचवलं. सव्वा वर्ष गेलं, नोकरी गेली, पण प्रगतिपुस्तकांनी काम केलं. सातवीच्या वयातलं भूगोलाच्या बाईंचं लाल शाईतलं एक वाक्य, 'बडबड करते', सरकारी फाइलला जोडलं गेलं.

हे सगळं आम्ही मे महिन्यात ऐकलं तेव्हा ती परक्या देशाची गोष्ट होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या कचेरीसमोर रांग लागली. सत्तर-सत्तर वर्षांची माणसं शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली होती. क्लार्क आणि आम्ही जनरल रजिस्टरं खाली काढली. सर्वांत जुन्या दोन रजिस्टरांची मधली पानं वाळवीनं खाल्ली होती. एका चाचांचं नाव अर्धंच उरलं होतं, बापाच्या नावाच्या जागी भोक. ते म्हणाले, बेटी, तू लिहून दे ना, तुला माहीतच आहे मी कोण. आम्हाला माहीत होतं. आम्हाला लिहून देता येत नव्हतं.

आंटी २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेल्या. त्यांच्यात मृत्यूनंतर नवव्या रात्रीपर्यंत लोक जमतात, गातात, जेवतात. त्या वर्षी कुणी जमू शकलं नाही. महिनाभरानं फूफीचा फोन आला : आंटींच्या मुलीला रेकॉर्डिंग हवं आहे. आम्ही तीनही दुपारी त्याच दिवशी पाठवल्या. एकूण साडेचार तास. दोन दिवसांनी तिचा आम्हाला निरोप आला. सगळं दोनदा ऐकलं, म्हणाली. धन्यवाद म्हणाली. मग खाली एक ओळ : तिसऱ्या दिवशी मधेच फोन बंद झाला आहे, तिथं आई माझ्याबद्दल काही बोलली का?

फोन बंद केल्यावर आंटी बोलल्या ते असं. त्या निघाल्या तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तिला आजीकडे ठेवायचं ठरलं होतं, दोन वर्षांसाठी, लागली नऊ. निघायची बस पहाटेची होती. मुलगी झोपली होती. आंटींनी तिला उठवलं नाही. उठवलं असतं तर मी गेले नसते, म्हणाल्या. नऊ वर्षांनी विमानतळावर ती समोर आली तेव्हा तिनं त्यांना 'मिस' म्हणून हाक मारली, परक्या बाईला मारतात तशी. तू निरोप न घेता का गेलीस, असं तिनं कधी विचारलं नाही आणि आंटींनी कधी सांगितलं नाही. दोघी एकाच गावात पन्नास वर्षं राहिल्या.

नको भरूस, असं त्या म्हणाल्या होत्या. सांगू नकोस असं म्हणाल्या नव्हत्या, अशी एक पळवाट आम्ही स्वतःसाठी काढून ठेवली आहे. दुसरी पळवाट ही, की आम्ही ते इथं मराठीत लिहितो आहोत आणि त्या घरात कुणाला मराठी येत नाही. दोन्ही पळवाटाच आहेत, हे आम्हाला कळतं. फूफी म्हणते, मेलेल्याची अमानत आहे, गप्प बस. अम्मी म्हणते, त्या पोरीचाही काही हक्क आहे. ती पोर आता सत्तरीच्या घरात आली आहे.

तिच्या निरोपाला आम्ही तेव्हा लिहिलं होतं की आठवून कळवतो. अधूनमधून सणाला ती फूफीकडून विचारते, टीचरना काही आठवलं का? आम्ही अब्बांची ती कॅसेट काढतो, लावतो, त्या फटीपर्यंत ऐकतो आणि परत ठेवून देतो.